पुणे-नागपूर विमानाला किती वेळ लागेल ते काढताय? आधी एवढंच बघा

हा हिशोब स्वतः करायला घेतलात, छान सुरुवात केलीत, पण गुगल मॅपचा रस्त्याचा आकडा घेऊ नका, सगळे पहिल्यांदा तिथेच चुकतात. रस्त्याने ७०० किमीच्या वर जातं आणि लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हवाई अंतर साधारण ६०५ किमी भरतं, आपल्याला हेच लागतं.

दुसरी चूक म्हणजे अंतराला थेट ८३० ने भागायचं. एअरबस ए३२० हे जेट विमान उंचावर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं हे खरंय, पण चढताना-उतरताना तेवढा वेग नसतो, शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते, त्यात टॅक्सीइंग (विमान जमिनीवर चालवत नेणं) आलं, रनवेसाठी थांबणं आलं. मी असं करतो:

- ६०५ भागिले ८०० (८३० ऐवजी थोडा कमी, गोल आकडा), म्हणजे ४५ मिनिटं
- त्यात चढणं-उतरणं, टॅक्सीइंग वगैरेसाठी अर्धा तास मिळवा, सव्वा तास झाला
- तिकिटावर थोडं जास्त दिसलं तर घाबरू नका, कंपन्या राखीव वेळ धरतात

आणि विमान कुठलं ते नक्की बघा! एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किमीच्या आसपासच जातं, तिथे हा हिशोब चालणार नाही. वाऱ्याचं वगैरे आत्ता सोडा, आधी असे चार-पाच मार्ग काढून तिकिटाशी ताडून बघा.