वाचकांचे प्रश्न : पेंट, वर्ड, एक्सेल झालं, आता पुढे काय?

प्रश्न : आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेचा संगणकाचा आराखडा वर्षानुवर्षं तोच आहे. पाचवीला पेंट, सहावीला वर्ड, सातवीला एक्सेल, आठवीला पॉवरपॉइंट. येत्या जूनपासून तो बदलायचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाला धरून काय लिहावं?
– एक मुख्याध्यापिका, विक्रोळी

उत्तर : आधी आराखड्यातून सॉफ्टवेअरची नावं काढून टाका. ‘एक्सेलची ओळख’ ही अध्ययन निष्पत्ती (शिकल्यावर मुलाला काय करता यायला हवं ते) नव्हे. ओळख झाली की नाही, हे तपासणार कसं? मूल काय करून दाखवेल ते लिहा, तेही आकड्यासकट. सातवीसाठी अशी ओळ चालेल : ‘३० नोंदींच्या तक्त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करते, सूत्राने सरासरी काढते आणि ती सरासरी कुठे फसवते ते दोन वाक्यांत लिहिते.’ ही ओळ लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरवरही लागू पडते, आणि उद्या प्रोग्रॅम बदलला तरी आराखडा बदलावा लागत नाही.

मुंबईत या कामासाठी पावसाइतकं सोयीचं साहित्य दुसरं नाही. जुलैभर कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे आकडे मुलांनी वर्तमानपत्रातून वहीत उतरवायचे आणि मग तक्त्यात भरायचे. तीन चुका हमखास होतात. आकड्याच्याच चौकटीत ‘मिमी’ लिहिलं की संगणक तो मजकूर समजतो. बेरजेतून ती नोंद गळते आणि तो चकार शब्द काढत नाही. पेपर आला नाही त्या दिवशी मुलं शून्य भरतात, त्यामुळे सरासरी खाली येते. तिथे चौकट रिकामीच ठेवायला हवी. तिसरी चूक तारखेची. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आज सकाळी नोंदलेला पाऊस बहुतांशी कालचा असतो.

शेवटी २६ जुलै २००५चा दिवस द्या. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. दोन्हींची सरासरी काढा म्हणावं, आणि विचारा की त्या दिवशी ‘मुंबईत’ किती पाऊस पडला. तास इथे रंगतो. घंटा झाली तरी वाद मिटत नाही.

२०२०च्या धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सांगितले आहेत. त्यासाठी वेगळा विषय उभा करायलाच हवा असं नाही. सहावीच्या भूमितीतच स्क्रॅच बसतं, म्हणजे ठोकळे जोडून पडद्यावरच्या मांजराला आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की बहुतेक मुलं ‘६० अंश वळ’ अशी आज्ञा देतात आणि तीन बाजू काढूनही आकृती उघडीच राहते. मांजर वळतं ते बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून. ३६० भागिले बाजूंची संख्या हा नियम मुलांना स्वतःच सापडू द्या. फळ्यावर आधी लिहू नका.

प्रश्न : वर्गात ६० मुलं, चालू संगणक १५, तास ३५ मिनिटांचा. काय करावं?
– संगणक शिक्षक, घाटकोपर

उत्तर : पस्तीस मिनिटांचा तास मुळात निरुपयोगी. रांगेने येणं, मशीन सुरू होणं, शेवटी बंद करणं यात पंधरा मिनिटं जातात. आठवड्याला एक सुटा तास घेण्यापेक्षा पंधरवड्याला दोन तास जोडून घ्या. अर्धा वर्ग प्रयोगशाळेत, एका संगणकावर दोघं. एकाचा हात माउसवर, दुसऱ्याने पुढची पायरी सांगायची, आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून अदलाबदल. शिट्टी नसेल तर धीट मूल माउस सोडत नाही, आणि शिकतंही तेवढं एकच.

उरलेल्या तिसांना वर्गशिक्षकांनी संगणकाविना चालणारं काम द्यावं. पाच पुठ्ठे घ्या, त्यांवर १, २, ४, ८, १६ ठिपके काढा. काही उघडे, काही पालथे धरून ० ते ३१ पर्यंतची कोणतीही संख्या दाखवता येते. द्विमान पद्धत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याची संगणकाची रीत, तीस मिनिटांत डोक्यात शिरते.

आता यंत्रांबद्दल, कारण बरेचसे तास इथेच वाया जातात. मॉनिटरसकट एका संगणकाला १५० वॅट धरले तर पंधरांना सव्वादोन किलोवॅट, म्हणजे जवळपास १० अँपिअर लागतात. सगळा भार ६ अँपिअरच्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर टाकला तर प्लग काळे पडतात. एका बोर्डावर चारपेक्षा जास्त संगणक नकोत, आणि बोर्डाला बोर्ड जोडणं तर नकोच. मेच्या सुट्टीनंतर अनेक मशीन ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून बाजूला पडतात, पण दोष पुष्कळदा इंटरनेटचा नसतो. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अवैध’ दिसू लागतं. तारीख पाहा, सेल बदला. सुट्टीतही आठवड्यातून एकदा तासभर मशीन चालू ठेवली तर दमट हवेचा त्रास कमी होतो.

प्रश्न : मुलं फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करतात. मग इन्स्क्रिप्ट (थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक) शिकवायचा आग्रह कशाला?
– मराठीच्या शिक्षिका, गिरगाव

उत्तर : निरोपापुरतं ते ठीक आहे. पण तिथे शब्द फोन निवडतो, मूल नाही; ऱ्हस्व-दीर्घाचा विचारच करावा लागत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतः बांधावं लागतं. शिकायला ते सोपंही आहे : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. दोन ठिकाणी मुलं अडतात. ‘ळ’ असतो ‘ल’च्या कळीवर, शिफ्टसह. ‘वाऱ्यावर’ लिहिताना साधा ‘र’ वापरला तर ‘वार्यावर’ उमटतं. तिथे शिफ्ट दाबून ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायची कळ), मग ‘य’. सहावीत रोज दहा मिनिटं, सहा आठवडे सराव पुरे. काम मात्र युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात.

प्रश्न : सायबर सुरक्षेचा वेगळा धडा हवा का?
– पालक, भांडुप

उत्तर : धडा नको, सराव हवा. खोटा वीजबिलाचा संदेश दाखवून त्यातल्या संशयास्पद जागा मुलांकडून अधोरेखित करून घ्या. आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक मात्र पाठच हवा.

प्रश्न : आठवीच्या मुलांनी प्रकल्प एआयकडून लिहून आणले. बंदी घालावी का?
– शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुलुंड

उत्तर : बंदी शाळेच्या फाटकापर्यंतच चालते. त्यापेक्षा प्रकल्पाचा विषय बदला. ‘प्रदूषण’ दिलंत तर उत्तर आयतं मिळणारच. ‘आपल्या गल्लीतला ओला-सुका कचरा’ द्या आणि निष्पत्ती अशी लिहा : ‘एआयच्या उत्तरातली तीन विधाने निवडतो, प्रत्येक कुठे तपासलं ते लिहितो, चुकीचं खोडतो.’ हे यंत्र शब्दांमागे शक्य वाटणारे शब्द जोडत जातं. एखाद्या गल्लीबद्दल मजकूरच थोडा असला की ते तितक्याच आत्मविश्वासाने रचून सांगतं. मुलांना हे प्रत्यक्ष दिसू द्या. गुण खोडलेल्या विधानांना आणि तपासाच्या नोंदींना द्या, सुबक भाषेला नव्हे. मुलाचं नाव, फोटो, शाळा यांपैकी काहीही एआयमध्ये भरायचं नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. म्हणून खातं शिक्षकाचं, पडदा वर्गाचा, आणि प्रश्न मुलांचे, अशी व्यवस्था ठेवा.