पोरं भाषेचं काय करतात ते बघ

सोलापूर

प्रिय मित्रा,

तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. कृत्रिम भाषेला जन्मजात भाषिक असू शकतात का, यावर तू व्याख्यांची पाच पानं खर्ची घातलीस. अरे, असतात! झामेनहॉफ नावाच्या माणसानं एस्पेरांतो ही भाषा स्वतः रचली आणि तिचं पहिलं पुस्तक १८८७ साली वॉर्सात छापलं. आज ती भाषा पाळण्यापासून ऐकत वाढलेली माणसं आहेत. हजारभर असावीत, असा अंदाज नेहमी दिला जातो.

खरी मजा पुढं आहे. बेंजामिन बर्गन या भाषाशास्त्रज्ञाचा २००१चा लेख मिळव. 'मला मांजर दिसतं' याचं एस्पेरांतो 'मी विदास ला कातोन'. (हो, तिथंही 'मी' म्हणजे मीच.) शेवटचा 'न' हा द्वितीयेचा प्रत्यय. एस्पेरांतो बोलणाऱ्या घरांतल्या पोरांच्या बोलण्यात नेमका तोच गळायला लागतो आणि कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम घट्ट होतो. नियम झामेनहॉफचा असेना, पोरं जुमानत नाहीत. माझ्या मते भाषा जिवंत झाल्याचा याहून चांगला पुरावा नाही. निबंध इथून सुरू कर.

हिब्रूचा परिच्छेद काढून टाक. ती पुन्हा बोलती केलेली जुनी भाषा, कुणी नव्यानं रचलेली नव्हे.

आता आपल्याकडं बघ. साखर पेठेतलं पोर आजीशी तेलुगू बोलतं, गल्लीत मराठी, आणि अक्कलकोटचा मित्र असेल तर कन्नडही उचलतं. एस्पेरांतोच्या घरातलं पोरही असंच, एका भाषेवर कधीच वाढत नाही. फरक एवढाच की इथल्या तेलुगूच्या पाठीशी शेजार आहे, लग्नकार्यं आहेत, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ आहे. एस्पेरांतोची मंडळी जगभर विखुरलेली; भेटी संमेलनात. म्हणून जन्मजात भाषिक असले तरी पुढची पिढी ती भाषा उचलेलच, याची खात्री नाही. अमेरिकेतल्या एका भाषाशास्त्रज्ञानं 'स्टार ट्रेक' मालिकेतली क्लिंगॉन ही रचलेली भाषा आपल्या मुलाशी पहिली तीनेक वर्षं बोलून पाहिली. पोरानं शब्द उचलले, मग सोडून दिले. बाबांखेरीज बोलायला होतं कोण?

आणि ताईच्या बाळाशी तू स्वतः रचलेली भाषा बोलणार, असं शेवटी लिहिलंयस. ताईला विचारलंस का? ते खोड. त्यापेक्षा साखर पेठेतल्या एखाद्या घरी रीतसर परवानगी घेऊन आजी-नातवाचं बोलणं रेकॉर्ड कर. रविवारी घेऊन ये, बसून ऐकू.

तुझा,
सर