सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात आहे, ऑनलाइन सिक्स सिग्मा करू का?

तुम्ही विचारलंय की टेक्स्टाइल डिप्लोमा झालाय, टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग बघता आणि सिक्स सिग्मा या मोजमाप करून दोष कमी करायच्या पद्धतीच्या ऑनलाइन ग्रीन बेल्टच्या जाहिराती रोज समोर येतात, तर पैसे घालावेत का आणि कुठे? मी इथल्याच एमआयडीसीत क्वालिटीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करा, जरूर करा. पण जो कोर्स स्वतःच्या कामावरचा प्रकल्प पूर्ण करून मागत नाही, त्याला पैसे देऊ नका. सिक्स सिग्मा १९८६ साली मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ यांनी सुरू केलं, पण बेल्ट (या पद्धतीतल्या पातळीचं प्रमाणपत्र) देण्याचा हक्क असलेली एकच संस्था जगात कुठेही नाही. त्यामुळे दोन दिवसांचे व्हिडिओ दाखवून कुणीही प्रमाणपत्र छापू शकतो. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ग्रीन बेल्टच्या परीक्षेलाही तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, त्यावरच्या ब्लॅक बेल्टला तर पूर्ण केलेला प्रकल्प दाखवावा लागतो. आपल्या देशात महालनोबिसांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे, तिचे पुण्या-मुंबईचे विभागही हे अभ्यासक्रम घेतात. आधी विषय झेपतो का बघायचं असेल तर एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा सिक्स सिग्माचा कोर्स बघा. शिकणं फुकट आहे. परीक्षेला हजारेक रुपये लागतात, पण ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. म्हणून त्या कागदाला वजन आहे.

आता खरं काम. हे सगळे कोर्स पाच पायऱ्यांनी शिकवतात : प्रश्न ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, सुधारणा टिकवा. उदाहरणं मात्र कॉल सेंटरची, दवाखान्याची नाहीतर मोटारीच्या सुट्या भागांची. मागावरचं उदाहरण तुम्हालाच उभं करावं लागेल. त्यात मोजण्याची पायरी बहुतेक जण घाईत उरकतात आणि माझ्या मते निम्मं शिक्षण तिथेच आहे.

तुमच्याच फोल्डिंगमध्ये, म्हणजे टॉवेल तपासून घड्या घालायच्या विभागात, करून बघा. तीसेक टॉवेल घ्या : काही चांगले, काही सेकंडमध्ये (दुय्यम मालात) गेलेले, काही धड इकडे ना तिकडे असे. कोपऱ्यात बारीक नंबर टाका. दोन चेकरना वेगवेगळे तपासायला द्या आणि दुसऱ्या दिवशी क्रम बदलून त्यांनाच पुन्हा द्या. दोघांचं एकमेकांशी जुळत नाहीच, पण आपलाच कालचा निर्णय आज बदलणारेही निघतात. मग ‘या महिन्यात सेकंड वाढलं’ हा आकडा मागावर काय घडलं ते सांगतो की फोल्डिंगला कोण बसलं होतं ते, हेच कळत नाही. अशा आकड्यांवर कितीही आलेख काढले तरी शेवटी जॉबरवर (माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीवर) विनाकारण बोल येतो, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं. आधी दोषांचे खरे नमुने फळीवर लावा : ओढलेला लूप, तेलाचा डाग, बाण्याची (आडव्या सुताची) पट्टी, उसवलेला काठ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक कामगारांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांना छापील मराठी तक्त्यापेक्षा डोळ्यांसमोरचं कापड चटकन कळतं.

वजनाचंही तसंच. कापूस हवेतला ओलावा धरतो. व्यापारात १०० ग्रॅम कोरड्या कापसामागे ८.५ ग्रॅम ओलावा धरायचा रिवाज आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, हवा खडखडीत कोरडी होते. तो ओलावा ५ ग्रॅमवर आला की ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल ४८४ च्या आसपास भरतो. मागात काहीही बिघडलेलं नसतं. म्हणून वजनाशेजारी त्या वेळची आर्द्रता लिहायची सवय लावा. कोरड्या हवेत सूतही जास्त तुटतं. ताणा (उभं सूत) किती वेळा तुटला हे तासागणिक नोंदवा, शेजारी शेडमधली आर्द्रता लिहा, आणि सकाळ-दुपारच्या पाळ्या वेगळ्या ठेवा. या एका नोंदवहीत तुमचा ग्रीन बेल्टचा अख्खा प्रकल्प आहे.

त्याच नोंदी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्टच्या नियंत्रण आलेखावर मांडा. हे साधन १९२४ चं आहे, आजही मला याहून उपयोगी दुसरं वाटत नाही. रोजचा नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिनसलंय ते कधी, हे तो वेगळं करून दाखवतो. मिनिटॅब हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, एक्सेल पुरतं. दोष होऊ शकतो अशा दहा लाख संधींमागे ३.४ दोष, हा जाहिरातीतला आकडाही सध्या बाजूला ठेवा. यंत्रमागाच्या शेडमध्ये सेकंडचं प्रमाण निम्म्यावर आणलंत तरी मालकाला तो फरक महिन्याच्या हिशेबात दिसेल.

फी भरण्याआधी मालकांशी बोला. त्यांच्याशी बेल्टच्या भाषेत बोलू नका. सेकंडचा टॉवेल किती कमी भावाने जातो आणि महिन्याला त्यात किती रुपये अडकतात, ते कागदावर लिहून न्या. चार माग, दोन चेकर आणि तीन महिने नोंदी घ्यायची मुभा मागा. ती मिळाली तर महागडा कोर्सही वसूल होईल. नाही मिळाली तर एनपीटीईएलचाच घ्या आणि निदान फोल्डिंगमधला तो तीस टॉवेलचा प्रयोग तुमच्या अखत्यारीत उरकून घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.