रीगाच्या सेलरचं ऐकून डिस्प्यूट बंद करू नका

ताई, हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी पेपालमध्ये (ज्या ऑनलाइन सेवेतून पैसे दिलेत ती) लॉगिन करा, रिझोल्यूशन सेंटरमध्ये जा आणि तुमचा डिस्प्यूट, म्हणजे सेलरविरुद्धची तक्रार, एस्केलेट करून, म्हणजे निकालासाठी पेपालकडे सोपवून, त्याचा क्लेम करा. तेवढं करून मग परत या, बाकीचं निवांत वाचा.

केलंत? बरं. आता बाकी वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. ठाण्याच्या या ताई नाटकांचा कपडेपट सांभाळतात. इन्स्टाग्रामवर एका सेलरकडून त्यांनी सोव्हिएत काळातला लेडीज कोट घेतला, जाड लोकरीचा, कराकुल म्हणजे कोकराच्या कुरळ्या फरची कॉलर असलेला, '१९५० चं दशक, स्टालिनचा काळ' असं सांगून विकलेला, २१० युरोला, म्हणजे आपले वीस हजार गेले असं धरा. पैसे पेपालच्या इन्व्हॉइसवर क्रेडिट कार्डाने दिले. पार्सल लाटव्हियातल्या रीगाहून यायला अडीच महिने लागले. आल्यावर आतल्या खिशाचं लेबल रशियन येणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली हा पन्नासच्या दशकातला नाहीच. ३ तारखेला डिस्प्यूट टाकला. तेव्हापासून सेलर रोज गोड बोलतोय, आई आजारी आहे, बँकेत प्रॉब्लेम आहे, तुम्ही आधी डिस्प्यूट बंद करा मग मी लगेच पैसे पाठवतो, नाहीतर त्याहून भारी दुसरा कोट पाठवतो. आणि १९ तारखेला ताई मला विचारतायत की ग्राहक आयोगात जाऊ, वकिलाची नोटीस पाठवू, की माणूस बरा वाटतोय म्हणून थोडं थांबू.

थांबू! असल्या मेल मला सारख्या येतात, कधी झेनिट कॅमेरा असतो, कधी पूर्व जर्मनीचं घड्याळ, वस्तू बदलते पण बाकी गोष्ट तीच, आणि प्रत्येकाला तो सेलर 'बरा वाटतो'. बरा असेलही. पण पेपालच्या नियमात एक आकडा आहे आणि तुमचं सगळं प्रकरण त्या एका आकड्यावर उभं आहे. डिस्प्यूट उघडल्यापासून २० दिवसांत तो एस्केलेट करून क्लेम केला नाही तर तो आपोआप बंद होतो. आणि एकदा बंद झाला, आपोआप होवो की तुम्ही भलेपणाने करा, तो परत उघडत नाही. त्याच व्यवहारासाठी दुसरा टाकता येत नाही. ३ तारखेपासून मोजा म्हणजे २३ ला खेळ खलास, आणि तेही कुठल्या देशाच्या वेळेनुसार यावर अजिबात विसंबू नका. सेलरला हा आकडा पाठ असतो. आई खरंच आजारी असेल तर क्लेम चालू असतानाही त्याला पैसे परत करता येतात, त्याच पेपालमधून, एका क्लिकवर, त्यासाठी तुम्ही काहीही बंद करायची गरज नाही. हे एवढं एक वाक्य त्याला लिहा आणि पुढचं संभाषण थांबवा. दुसरा कोट तर नकोच, तो यायला पुन्हा अडीच महिने आणि तोपर्यंत पेपालची दुसरी मुदत, पैसे दिल्यापासून १८० दिवसांची, तीही संपत येईल. हे १८० दिवस पार्सल हातात पडल्यापासून नाही तर पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजतात, बरेच जण इथेच फसतात.

आता क्लेममध्ये काय लिहायचं. तुम्ही मला पाठवलेला मसुदा दोन पानांचा आहे, त्यात कसरीने खाल्लेली भोकं आहेत, डांबरगोळ्यांचा वास आहे, अस्तर उसवलंय, सेलर उद्धट आहे (मग तो बरा कधी वाटला?), हे सगळं काढून टाका. जुना कोट जुनाच असणार, भोकं आणि वास यावर पेपालवाले म्हणतील की व्हिंटेज आहे, जसं आहे तसं घेतलंत. तुमचा मुद्दा एकच आहे, की वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, आणि तो तुम्ही लेबलवरून सिद्ध करू शकता. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. कापडी लेबल, फॅक्टरीचं नाव, साइज ४८, उंची ३, किंमत १२० रुबल, खाली गोस्तचा नंबर आणि त्याच्या शेवटी डॅश देऊन ७६, आणि शेजारी पंचकोनातलं ते गुणवत्तेचं चिन्ह. गोस्त म्हणजे तिकडचं सरकारी स्टँडर्ड, आपल्या आयएसआयसारखं, आणि डॅशनंतरचे दोन आकडे म्हणजे ते स्टँडर्ड कोणत्या वर्षीचं. १९७६ चं स्टँडर्ड १९५० च्या दशकातल्या कोटावर कसं छापतील? पंचकोनी चिन्ह तर सोव्हिएत युनियनमध्ये आलंच १९६७ साली. किंमतही तेच सांगते, १९६१ ला रुबलचं नवं चलन आलं, दहा जुन्यांचा एक नवा, त्याआधी असल्या कोटाची किंमत १२० नसती, बरीच जास्त असती. पण किंमतीचा मुद्दा क्लेममध्ये नको, त्यावर वाद घालता येतो, पहिल्या दोनवर येत नाही.

आणि हो, 'नकली' हा शब्द कुठेही वापरू नका. कोट अस्सल सोव्हिएतच आहे, फक्त स्टालिनच्या नाही तर त्याच्या बऱ्याच नंतरच्या, ब्रेझनेव्ह सत्तेवर होता त्या काळातला किंवा त्याहूनही अलीकडचा. नकली म्हटलंत की ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, आणि ते तुम्हाला झेपणार नाही.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र तुम्ही काढला नाहीत. पोस्ट त्याने आता उडवलीय. वीस हजार रुपये परदेशात पाठवताना एक स्क्रीनशॉट काढायला काय होतं हो? नशीब म्हणजे इन्व्हॉइसमध्ये त्याने स्वतःच एका ओळीत लिहिलंय, लेडीज वुल कोट, यूएसएसआर, नाइन्टीन फिफ्टीज. ती ओळ नसती तर मी तुम्हाला वेगळंच उत्तर लिहिलं असतं. इन्व्हॉइसची पीडीएफ आणि लेबलचा फोटो, सोबत लेबलवरच्या मजकुराचं साधं इंग्रजी भाषांतर, बस, चार ओळींचा क्लेम.

आयोगाबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्या रकमेला फीही नाही, आणि मुदत कलम ६९ खाली दोन वर्षं आहे, म्हणजे ती कुठे पळून जात नाही. पण करणार कोणाविरुद्ध? इन्स्टाग्रामवरचं नाव एक, इन्व्हॉइसवरचं दुसरं, पत्ता रीगाचा. मार्च २०२२ मध्ये पेपालने रशियातली सेवा बंद केल्यापासून तिकडचे काही सेलर शेजारच्या देशातल्या ओळखीच्या माणसाचं अकाउंट वापरतात, तुमचा त्यातला आहे की नाही मला माहीत नाही, पण नोटीस कोणाला लागेल याची खात्री नाही एवढं नक्की. कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. मी एवढंच म्हणतो की आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसून हे कलम मोठ्याने वाचून दाखवू नका, लोक हसतील. आणि निकाल लागलाच तर लाटव्हियात वसूल कोण करणार? त्यात तुम्ही लिहिलंय की कोट इतर ग्रुपना भाड्याने द्यायचा विचार होता, म्हणजे 'व्यापारी हेतू' आहे, तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येणार. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर सूट आहे, तुमचं त्यात बसेल असं मला वाटतं, पण ठामपणे सांगत नाही. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, तो हक्क धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्धच असतो आणि ठाण्यातल्या ग्राहकाला मिळेल का यावर भांडता येईल, पण २१० युरोसाठी ते भांडण करू नये.

दुसरी वाट म्हणजे कार्डाचा चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत पैसे परत मागणं. पेपालने क्लेम फेटाळला तरच तिकडे जा, दोन्ही एकदम केलंत तर पेपाल आपला क्लेम बंद करून टाकतं. व्हिसा-मास्टरकार्डमध्ये वस्तू मिळाल्यापासून साधारण १२० दिवस धरतात, तरी तुमच्या बँकेला आजच मेल करून लेखी विचारा, फोनवर कस्टमर केअरने सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मी तिथेच अडकलो. चॅटमध्ये तुम्हीच त्याला लिहिलंय, 'प्लीज गिफ्ट लिहा, व्हॅल्यू २० टाका.' का? डिसेंबर २०१९ पासून परदेशातून पोस्टाने किंवा कुरिअरने, पूर्ण ड्यूटी न भरता, गिफ्ट म्हणून माल आणायला बंदी आहे, राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून. कस्टम्सने पकडलं असतं तर पार्सल अडकलं असतं आणि खोट्या डिक्लरेशनबद्दल कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. एका कोटासाठी आता कोणी मागे लागेल असं वाटत नाही, पण ते चॅट सेलरकडेही आहे आणि तो ते पुढे करू शकतो. तुम्ही स्वतःहून क्लेमला जोडू नका, डिलीटही करू नका, कोणी विचारलंच तर खोटं बोलू नका. पुढच्या वेळी ड्यूटी भरा.

क्लेम मंजूर झाला तर बहुतेक कोट परत पाठवायला सांगतील, खर्च तुमचा. सेलरने मेसेजमध्ये दिलेल्या पत्त्यावर पाठवू नका, क्लेममध्ये पेपाल जो पत्ता देईल त्यावरच, ट्रॅकिंगसह, त्यांनी दिलेल्या मुदतीत, आणि पॅक करतानाचा व्हिडिओ काढा ज्यात लेबल दिसेल. तोपर्यंत कोट रिहर्सलला कोणाला घालायला देऊ नका, आणि भोकं रफू करायलाही टाकू नका.