यादी नको, माणूस बघ

प्रिय भाचीस, अनेक आशीर्वाद.

घरच्या सगळ्यांना कोरियन मालिकांची भलीमोठी यादी पाठवूनही कोणी पुढे बघत नाही, आणि ताईने तर 'स्क्विड गेम' दहा मिनिटांत बंद करून तुलाच चार शब्द सुनावले, हे वाचले. त्या मालिका चांगल्या आहेत हे मला पटवून देण्याची गरज नाही. पण यादी कसली पाठवतेस? मालिका सुचवायची ती माणूस बघून, आणि एका माणसाला एकच.

ताई मालिका बघत नाही, ऐकते. मेथी निवडताना संवाद तिच्या कानावर पडत असतात आणि कोणी रडू लागले की ती मान वर करते. अशा बाईला पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचायला लावल्यास तिचा जीव मेटाकुटीला येणारच. म्हणून हिंदी आवाज मिळतो का ते आधी बघ, नाहीतर शेजारी बसून त्या ओळी तूच मराठीत सांगत जा.

तिच्यासाठी मी 'रिप्लाय १९८८' निवडली असती. सोलमधल्या एका गल्लीतल्या शेजाऱ्यांची ही कथा आहे. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी एका घरचा पदार्थ दुसऱ्या घरी, तिथला तिसऱ्या घरी, अशी मुलांची भांडी घेऊन ये-जा चालते आणि अखेर प्रत्येकाच्या ताटाभोवती साऱ्या गल्लीचा स्वयंपाक जमतो. नायिका दोक-सन ही मधली मुलगी. तिचा वाढदिवस थोरल्या बहिणीबरोबरच उरकला जातो. गिरगावच्या चाळीत तीन बहिणींतली मधली म्हणून वाढलेल्या ताईला हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. मात्र २० भाग आहेत, एकेक भाग दीड तासाच्या आसपास, आणि चालही संथ, हे तिला आधीच सांग.

भावजींना यातले काहीही सुचवू नकोस. निवृत्तीनंतर ते पेटी शिकायला निघाले तेव्हा आपण सारे हसलो होतो, आठवते? त्यांच्यासाठी 'नाविलेरा': सत्तरीतला निवृत्त पोस्टमन बॅले शिकायचा हट्ट धरतो, आणि १२ भागांत गोष्ट संपते.

कार्यालयात मला लोक कंजूष म्हणतात, कारण कोणी दहा नावे मागितली तरी मी एकच देते, तेही त्याला चार प्रश्न विचारून. म्हणोत. 'ज्वेल इन द पॅलेस' ही राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्याच्या पदापर्यंत पोहोचणाऱ्या मुलीची ५४ भागांची मालिका. काढे, चाटणे आणि पथ्यपाणी यांत जन्म घालवलेल्या माझ्या आईइतका तिचा योग्य प्रेक्षक मला दुसरा सापडला नाही, आणि तिलाच ती दाखवायची राहून गेली. तेव्हापासून हा हट्ट आहे, आणि तो सोडण्याचा माझा विचार नाही. यादी पाठवणाऱ्याला स्वतःची आवड मिरवायची असते. तुझे तसे नाही हे मी जाणते, म्हणूनच इतके रागावते आहे.

येत्या रविवारी दुपारी ताईजवळ बस. मेथी तूही निवड. 'आता पुढे बघ काय होते' असे मध्येच म्हणू नकोस, आणि दुसरा भाग तिने मागितल्याशिवाय लावू नकोस.

तुझी,
मावशी