वाचकांचे प्रश्न : सायलेन्सर बदलल्याने गाडीची ताकद वाढते का?

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची, बीएस-६ मानकाची मोटारसायकल आहे. रोज मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत जाणे-येणे होते आणि सुटीच्या दिवशी रामटेक किंवा पेंचकडे फेरी असते. मागे कुणी बसलेले असताना ओव्हरटेक करायला गेलो की गाडी हवी तशी उचल घेत नाही. फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवावा, असे सीताबर्डीतील एका दुकानदाराने सुचवले आहे. ४०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. सुरुवात कशापासून करावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सायलेन्सरपासून मुळीच नको. इंजिनात येणारी हवा, तिच्यात मिसळणारे पेट्रोल आणि बाहेर पडणारा धूर यांचा हिशेब कंपनीने एकत्र जुळवलेला असतो, त्यामुळे पहिला आणि शेवटचा भाग बदलून मधला तसाच ठेवला की तो हिशेब बिघडतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण आहे. एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ते सांभाळून घेतो. परंतु थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर, म्हणजे नेमके आपल्या ओव्हरटेकच्या वेळी, तो आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. हवा वाढली आणि आकडे जुनेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, इंजिन अधिक तापते, प्रसंगी ठोके देऊ लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हा जादा ताप देणे मला अजिबात पटत नाही. उघड्या फिल्टरमधून हिंगणा मार्गावरची धूळ आत जाण्याची भीती आहे, ती वेगळीच. ईसीयूचे मॅपिंग, म्हणजे त्यातले हे आकडे, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नीट करून घेतले, तरी या आकाराच्या एका सिलिंडरच्या इंजिनातून मिळणारी वाढ थोडीच असते; आवाज मात्र पुष्कळ वाढतो आणि वाढलेल्या आवाजालाच आपण ताकद समजू लागतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वॉरंटीवर पाणी सोडावे लागेल, ते निराळे.

आपली खरी अडचण उचलीची आहे आणि तिचा स्वस्त उपाय चेनमध्ये आहे. पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारे दातेरी चाक, एका दाताने लहान केले, समजा १५ ऐवजी १४ दातांचे बसवले, तर प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला मिळणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते. याची किंमतही मोजावी लागते : त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, महामार्गावर थरथर जाणवते, मायलेज किंचित उतरते आणि वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा चुकीचा वेग दाखवतो. तरीही आपला रोजचा प्रवास शहरातला असल्याने हा सौदा मला योग्य वाटतो. तत्पूर्वी चेनचा ताण, क्लच आणि टायरमधली हवा तपासून घ्यावी. पुष्कळदा हरवलेली उचल तिथेच सापडते.

उरलेले पैसे चांगल्या टायरांवर, दर्जेदार ब्रेक पॅडवर, ताज्या ब्रेक ऑइलवर आणि वजनानुसार मागचे शॉक अॅब्सॉर्बर लावून घेण्यावर खर्च करावेत, असा माझा आग्रह आहे. ओव्हरटेक अर्ध्यात सोडावा लागला, तर गाडी सरळ रेषेत थांबवण्याचे काम याच भागांचे आहे.

प्रश्न : १२५ सीसीच्या गाडीला मूळ रिमवरच रुंद टायर बसवला तर पकड वाढेल का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : नाही. अरुंद रिमवर रुंद टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, त्याची गोलाई बदलते आणि वळणावर गाडी अडखळत झुकते. शिवाय टायर चेनकव्हरला घासू शकतो. कंपनीने सांगितलेल्याच मापाचा, पण अधिक मऊ रबराचा टायर घ्यावा. तो लवकर झिजेल, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड चांगली राहील.