बिडाचं चाक, सागाची तुळई

प्रश्न : बंद गिरणीतल्या यंत्राचं दोन फुटी बिडाचं (ओतीव लोखंडाचं) चाक भंगारातून आणलं. टेबलासाठी त्याला तीन पाय वेल्ड करून घेतले, तर दुसऱ्याच दिवशी सांध्याशेजारी तडा. गंजाचा रंग मात्र तसाच ठेवायचा आहे. (परळ)

उत्तर : वेल्डिंगचा साधा रॉड वापरला असेल, तर तडा जाणारच. बिडात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन असतो. सांध्याजवळचा भाग तापून झटकन निवला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि आकसताना तुटतो. निकेलचा रॉड घेऊन, चाक आधी तापवून, इंच-इंच वेल्ड करत, शेवटी राखेत पुरून निववता येतं. पण टेबलासाठी एवढा खटाटोप कशाला? लोखंडी पट्टीची तिकोनी चौकट करा, पाय तिला वेल्ड करा आणि चौकट चाकाच्या आऱ्यांना १० मिमीच्या बोल्टनं कसा. भोक ११ मिमीचं, खाली रुंद वायसर. तडा जिथं संपतो तिथं ३ मिमीचं भोक पाडलं की तो सहसा पुढे सरकत नाही. तडकलेल्या आऱ्यावर मात्र भार देऊ नका.

गंजाची सुटी पापुद्री तेवढी तारेच्या ब्रशनं काढा, केरोसीननं पुसा, पूर्ण वाळल्यावर मेणाचे दोन हात द्या. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला करून खरवडा. चाकाची धाव, म्हणजे बाहेरची कड, यंत्राच्या पट्ट्यानं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर ग्राइंडर फिरवाल, तर शोरूममधल्या नकली चाकात आणि तुमच्या चाकात फरक काय उरला?

प्रश्न : गिरणीची म्हणून सागाची तुळई घेतली. कापायला वखारवाला तयार नाही. (डोंबिवली)

उत्तर : त्याचं बरोबर आहे, आत मोडलेला एक खिळा करवतीचं पातं घालवतो. चुंबक वरवरचेच खिळे दाखवतो, म्हणून हातात धरायचा मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा. खिळ्याभोवती लाकूड निळं-काळं पडलं असेल तर हरखू नका. लाकडाला लोखंड आणि ओल लागली एवढंच त्यावरून कळतं; तुळई जुनी आहे किंवा गिरणीचीच आहे हे ठरत नाही. फळ्या टेबलावर बसवताना स्क्रूची भोकं आडवी लांबट ठेवा, पावसाळ्यात साग रुंदीला फुगतो.

प्रश्न : वरळीला समुद्रासमोर सोसायटीच्या आवारात कॉर्टेन स्टीलचं (वर बसलेल्या गंजाच्या थरानंच पुढचा गंज रोखणाऱ्या पोलादाचं) शिल्प टिकेल? (वरळी)

उत्तर : नको. खाऱ्या हवेत त्याचा गंज स्थिरावत नाही. पत्रा झिजत राहतो आणि फरशीवर तांबडे ओघळ येतात.